काढा पोटात, विष कातडीतून

वाचकाचं पत्र:

«डॉक्टरताई, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात आमचं तीन एकर कोरडवाहू वावर आहे. माझे मालक आमच्या वावरात आणि रोजाने लोकांच्या वावरातही फवारणी करतात. हंगामात दिवसाला पंधरा-वीस पंप होतात. २०१७ साली आमच्या भागात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते पाहिल्यापासून मालक पंप घेऊन निघाले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सासूबाई रोज पहाटे गुळवेल, कडुनिंबाचा पाला, तुळस आणि हळदीचा काढा करून देतात. त्यांच्या माहेरी वैद्यकी होती. मोबाईलवरही एक निरोप फिरतोय की हा काढा घेतला तर फवारणीचं औषध बाधत नाही. बाजारात एक जण विष उतरवायचं चूर्ण म्हणून ४०० रुपयांची पुडी विकतो, तीही आणली. तेव्हापासून मालक तोंडाला फडकंसुद्धा बांधत नाहीत. म्हणतात, आतून बंदोबस्त आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी घरी आले तर डोळ्यांपुढं धुकं, डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली, अंग घामाने भिजलेलं. सासूबाईंनी दूध-तूप पाजलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि परत फवारणीला गेले. हा काढा पुरेसा आहे का? आणखी कोणती वनस्पती घालावी?»

ताई,

काढ्यात काय घालायचं ते मागाहून बोलू. आधी उद्या सकाळी मालकांना पंप उचलू देऊ नका आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. जाताना मागच्या पंधरवड्यात जी जी औषधं मारली त्यांच्या बाटल्या, निदान त्यांच्या लेबलांचे फोटो, सोबत न्या. डॉक्टरांना सरळ सांगा, फवारणीनंतर उलटी झाली, नजर धूसर झाली, घाम सुटला. आणि विचारा, रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासता येईल का. हा शब्द कागदावर लिहून न्या, तोंडपाठ करत बसू नका.

तुम्ही लिहिलं ते अंगावर ऊन घेतल्याचं लक्षण वाटत नाही. ती विषबाधा असण्याची दाट शक्यता आहे, हलकी होती म्हणून निभावली. दुधातुपाने उतरली असं सासूबाईंना वाटणं साहजिक आहे, कारण दूध पाजलं आणि सकाळी माणूस उठून बसला. पण पाजलं नसतं तरी तो उठला असता. उलट यातली बरीच विषं तेलातुपात विरघळणारी असतात, आणि पोटात गेलेलं असं विष स्निग्ध पदार्थासोबत शरीरात अधिक सहज शिरू शकतं. पुढच्या वेळी दूध नको, तूप नको, एरंडेल तर मुळीच नको.

एक गोष्ट मला आयुष्यभर खटकत आली आहे. आपण या द्रवाला औषध म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं, बोंडअळीचं औषध, तुडतुड्याचं औषध. आणि घरात कुणी जीव दिला तरी म्हणतो, औषध घेतलं. औषध म्हटलं की हात सैल पडतो. कृषी केंद्रातून आणलेली बाटली देवळीत, मुलांच्या खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवलेली मी पाहिली आहे. तुमच्या घरात आजपासून त्याला विष म्हणायला लागा. मालकांना ऐकायला बरं वाटणार नाही, पण तुम्ही म्हणा.

आता हे विष शरीरात करतं काय, ते सांगते, म्हणजे काढा का पुरत नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अॅसिफेट ही एकाच कुळातली. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तेव्हा एक रसायन सुटतं, आणि काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते रसायन लगेच पुसून टाकतं. विहिरीवरच्या मोटारीचा विचार करा. बटण दाबलं, मोटार सुरू. बटण दाबलं, बंद. हे विष त्या बंद करणाऱ्या बटणालाच चिकटून बसतं. मोटार चालूच राहते. म्हणून तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, अंगाला घाम, उलट्या, जुलाब, कपड्यांत लघवी. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते, म्हणून नजरेपुढं धुकं. स्नायू आपोआप थरथरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुप्फुसांत पाणी साचतं, माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

यात एक उधारीचा खेळ आहे, तो शेतकऱ्याला चटकन समजतो. विषाने निकामी केलेलं हे विकर शरीर नव्याने तयार करतं, पण फार सावकाश, दिवसाला साधारण एक टक्का. सोमवारी थोडं विष लागलं, बुधवारी थोडं, शुक्रवारी थोडं. माणूस म्हणतो, मला तर काहीच होत नाही, माझं अंग सरावलं. अंग सरावलेलं नसतं, खात्यावर बाकी चढत असते. मग एखाद्या दिवशी नेहमीइतकेच पंप मारून माणूस बांधावर कोसळतो आणि सगळे विचारतात, आजच असं काय झालं? तुमच्या मालकांच्या खात्यावर गेल्या आठवड्यात बाकी चढली आहे. म्हणून रक्ताची तपासणी, आणि म्हणून पुढचे काही आठवडे फवारणी बंद. रोज बुडेल, मला कळतं. डवरणी, खत देणं, दुसरं कुठलंही काम करू द्या, पंप नको.

आता सासूबाईंच्या काढ्याकडे येते. त्यांना दुखवायचं माझ्या मनात नाही, आणि त्या सांगतात त्यात काहीच तथ्य नाही असंही मी म्हणणार नाही. हळदीतलं कर्क्युमिन, गुळवेल, अश्वगंधा यांच्यावर प्रयोगशाळांत कामं झाली आहेत. उंदरांना कीटकनाशक द्यायचं, काहींना सोबत वनस्पतीचा अर्क द्यायचा, आणि यकृताची, रक्ताची हानी किती कमी झाली ते मोजायचं. बऱ्याच प्रयोगांत थोडी कमी झालेली दिसते. मोबाईलवरच्या निरोपाचं मूळ तिथंच कुठंतरी असावं. पण उंदराला मोजून-मापून दिलेला अर्क वेगळा आणि पातेल्यात अंदाजाने उकळलेला पाला वेगळा. हळदीतलं कर्क्युमिन आपल्या आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं. आणि उंदीर काही पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन छातीएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरत नाही. माणसाने अमुक काढा प्यायला आणि फवारणीत त्याला बाधा झाली नाही, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्या तरी वाचनात आलेला नाही. वर सांगितलेल्या चिकटलेल्या बटणाला गुळवेल सोडवत नाही. तुळस सोडवत नाही. हळद तर नाहीच.

गुळवेलीबद्दल आणखी एक. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या काही यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला सूज आल्याची उदाहरणं प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद मिटवणारी मी कोण? पण मला त्यातून एवढं कळतं की रोज, महिनोन्‌महिने, वाटीभर काढा ही निरुपद्रवी गोष्ट समजू नये. विषाचा निचरा करायचं बरंचसं काम यकृतालाच करावं लागतं. ज्या गड्यावर हंगामाचा एवढा भार, त्याच्या डोक्यावर आणखी एक बोचकं कशाला? आणि हो, घरात लहान लेकरू असेल तर कडुनिंबाचं तेल त्याला पोटात कधीही देऊ नका. तान्ह्या मुलांना त्याने झटके येऊन मेंदूला इजा झाल्याची नोंद आहे.

माहेरच्या वैद्यकीचा मान ठेवून सासूबाईंना हे जरूर सांगा. आयुर्वेदात विषचिकित्सेची स्वतंत्र शाखाच आहे, अगदतंत्र, आठ अंगांपैकी एक. चरकसंहितेत विषावर चोवीस उपक्रम सांगितले आहेत आणि विष घालवणाऱ्या द्रव्यांत शिरीषाला अग्रमान दिला आहे. पण त्या चोवीस उपक्रमांचा क्रम बघा. चूर्ण आणि काढे फार नंतर येतात. मंत्र सोडला तर आधी येतं ते बांधणं, कापणं, पिळून काढणं, धुणं, ओकवणं. म्हणजे विष आत पसरण्याआधी रोखा आणि बाहेर काढा. त्या काळचं विष साप-विंचवाचं, बचनागाचं, राजाच्या ताटात कालवलेलं. आपल्या बाटलीतल्या कुळाचा जन्म जर्मनीतल्या प्रयोगशाळेत १९३० नंतरचा, शोध लागला तेव्हा त्यातूनच युद्धातले विषारी वायू निघाले. चरकांनी ते पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं याचा अंदाज मी त्यांच्या क्रमावरून बांधते: आधी धुवा.

आणि गंमत अशी की या विषावरचा खरा उतारा वनस्पतीतूनच आलेला आहे. अॅट्रोपिन. बेलाडोना नावाच्या युरोपातल्या झाडातून १८३३ च्या सुमाराला ते वेगळं काढलं गेलं. तुमच्या उकिरड्याकडेला जो धोतरा उगवतो, तो त्याच कुळातला, आणि त्यातही ते असतं. हे लिहिताना माझा हात अडखळतोय, कारण उद्या कुणी धोतऱ्याचं बी वाटून पाजेल. म्हणून नीट ऐका. दवाखान्यात अॅट्रोपिन शिरेतून देतात, दर पाच मिनिटांनी छाती ऐकतात, फुप्फुसं कोरडी होत नाहीत तोवर मात्रा दुप्पट करत नेतात. कधी कधी एकेका रुग्णाला इंजेक्शनांच्या पेट्या लागतात. धोतऱ्याच्या एका बोंडात किती अॅट्रोपिन आहे हे झाडागणिक बदलतं, आणि त्यासोबत माणसाला भ्रम करणारी दुसरीही द्रव्यं असतात. शिवाय तो उतारा फक्त त्या एका कुळाला आणि त्याच्या जवळच्या कार्बामेट कुळाला चालतो. डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल, सायपरमेथ्रिन यांना तो लागू पडत नाही, त्यांना नेमका असा उतारा नाहीच. तणनाशकातल्या पॅराक्वॅटलाही नाही. आणि आपल्याकडे तर चार बाटल्या एकाच टाकीत ओतायची पद्धत. कुणी काय प्यायलंय, काय लागलंय हे न कळता धोतरा पाजणं म्हणजे एका विषावर दुसरं.

अॅट्रोपिन मोटार बंद करत नाही, नुसता पाइपाचा कॉक फिरवतं, म्हणजे पाणी यायचं थांबतं. चिकटलेलं बटण सोडवायला दुसरं इंजेक्शन असतं, डॉक्टर त्याला पाम म्हणतात. पण ते वेळेत द्यावं लागतं. मोनोक्रोटोफॉससारख्या विषात तीन-चार तासांत निम्मी बटणं कायमची जाम होतात, मग पाम देऊन उपयोग नसतो. म्हणून मला काढ्याची भीती वाटते, ताई. काढा स्वतः मारत नाही. तो दोन तास खातो. चुलीवर पातेलं चढतं, गावातला जाणकार बोलावला जातो, लिंबू पिळलं जातं, रात्र झाली आता सकाळी बघू म्हणतात. ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या नोकरीत असे किती तरी उशिरा आलेले पाहिले. एकाला तर घरच्यांनी दारू प्यायलाय म्हणून दुपारपासून खाटेवर टाकून ठेवलं होतं. तोल जातो, तोंडातून लाळ गळते, जीभ जड होते, लोकांना वाटतं घेतली असेल. फवारणीहून आलेला माणूस असा दिसला तर त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका.

काढ्याचा दुसरा दोष तुमच्या पत्रातच आहे. «आतून बंदोबस्त आहे» म्हणत मालकांनी फडकं सोडलं. जे संरक्षण नाही त्याच्यावर विसंबून जे थोडंफार होतं तेही गेलं. आणि खरं म्हणजे बंदोबस्त आतून होऊच शकत नाही, कारण काढा जातो पोटात आणि विष येतं कातडीतून. फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत तोंडातून जाण्यापेक्षा कातडीतून शिरणारं विष पुष्कळ जास्त असतं. अमेरिकेत १९७१ साली माणसाच्या कातडीवर पॅराथिऑन या याच कुळातल्या विषाची मोजणी झाली होती. हाताच्या कोपराखालच्या भागातून जेवढं आत गेलं, त्याच्या चौपट कपाळातून, सातपट काखेतून, आणि जांघेतल्या नाजूक कातडीतून अकरा-बारापट. आता गळका पंप डोळ्यांपुढे आणा. झाकणातून झिरपलेलं पाणी पाठीवरून, कमरेवरून कुठे उतरतं? ओल्या चड्डीत माणूस सहा-सहा तास फिरतो. मी पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारायची, पंप गळतो का? लाजून हसायचे.

म्हणून ४०० रुपयांची पुडी पुन्हा आणू नका. त्या चारशेत पंपाचं वायसर, झाकणाचा रबर आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड येतो. हातमोजे कापडाचे नकोत, कापड विष पिऊन धरून ठेवतं. पुडीवर परवाना क्रमांक, घटक, तयार केल्याची तारीख यातलं काही आहे का, तेही बघा. नसेल तर दवाखान्यात जाताना तीही सोबत न्या, डॉक्टरांना कळू द्या पोटात काय काय गेलं.

सरकारी संरक्षक संच मिळतो तो घालून ऑक्टोबरच्या उन्हात पंप मारणं म्हणजे भट्टीत बसणं, हे मला कुणी सांगायला नको. त्यामुळे पूर्ण पोशाखाचा हट्ट धरून माणसाने काहीच घालू नये, असं व्हायला नको. जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, पाठीला कमरेखालपर्यंत येईल असं जाड प्लॅस्टिक बांधलेलं, टोपी, गॉगल, गमबूट. तोंडाला मास्क, ओढणी किंवा गमछा बांधला तर तो दर दोन-तीन पंपांनी बदला, ओलं झालेलं फडकं विषाची पट्टी बनून नाकाशी राहतं. द्रावण हाताने नाही, काठीने ढवळायचं. नोझल अडकलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हसू नका, अजून फुंकतात. वारा पाठीशी घ्यायचा, सकाळी लवकर मारायचं, भर दुपारी कातडी घामाने ओली असताना नाही. आणि पऱ्हाटी डोक्याला लागली की त्यात शिरून फवारायचं नाही. २०१७ ला नेमकं हेच झालं होतं: पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, ओळींत हवा नाही, दमट ऊन, वेगाने बारीक तुषार सोडणारे नवे पंप, आणि टाकीत दोन-तीन विषांची मिसळ. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, आठशेहून जास्त दवाखान्यात दाखल झाली. त्यात स्वतःच्या वावरात फवारणारे होते तसे तुमच्या मालकांसारखे रोजाने फवारणारेही होते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेलं मिश्रण. यावर वेगळं लिहायलाच हवं. मालक खात असतील, विदर्भात कोण खात नाही! फवारणीच्या मधे टाकी भरताना विषाच्या हाताने पन्नी सोडायची, खर्रा चोळायचा आणि गालात धरायचा. गालाची आतली कातडी कुठलीही गोष्ट झटकन शोषते. काढा बंद करायला सासूबाई दोन दिवस रुसतील, पण खर्रा बंद केला तर तुमच्या मालकांना निश्चित फायदा आहे. निदान फवारणीच्या दिवशी पन्नी घरीच ठेवून जाऊ द्या. विडीचंही तेच.

बाटलीवरचा त्रिकोण बघायला मुलांना शिकवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यावर कवटीही असते. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराला सांगता येतं, लाल नको, निळा-हिरवा द्या. तो म्हणेल, याने मरत नाही अळी. म्हणू द्या. आणि हिरवा म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे, हातमोजे त्यालाही लागतातच. मोनोक्रोटोफॉस लाल आहे. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या शाळेत तेच दुपारच्या जेवणाच्या तेलात मिसळलं गेलं आणि २३ लेकरं मेली. रिकाम्या बाटलीत पाणी, तेल, रॉकेल काहीही भरू नका. तिला भोक पाडा.

आता तुमच्यासाठी थोडं. फवारणीचे कपडे कोण धुतं? तुम्ही. ज्या घमेल्यात लेकरांचे कपडे भिजतात त्याच घमेल्यात? ते कपडे वेगळे, हातमोजे घालून, दोनदा साबणात, उन्हात वाळवा. फवारलेल्या वावरात लगेच निंदायला किंवा कापूस वेचायला बायका जातात, त्यांना पंप दिसत नाही म्हणून त्यांची मोजणीही होत नाही. लेबलवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तान्हं अंगावर असेल तर मिसळायच्या जागेकडे फिरकूही नका.

सासूबाईंना माझ्याकडून काम द्या. पहाटे पातेलं चढवण्याऐवजी मालक परत यायच्या वेळी त्यांनी अंगणात दोन बादल्या पाणी आणि साबणाची वडी तयार ठेवावी. घरात पाऊल टाकायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, लेकराला उचलायच्या आधी डोक्यापासून नखांपर्यंत अंघोळ. केस, काखा, जांघा, नखांच्या कडा. संध्याकाळी मग त्यांना हवं तर तुळशीचा चहा द्या, प्रेमाने दिलेल्या चहाला माझी हरकत नाही.

तरीही कधी तो प्रसंग आलाच, तर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. वावरातून बाहेर सावलीत आणा. कपडे उतरवा, लाजू नका. साबण-पाण्याने अंग धुवा, डोळ्यांवर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. धुणाऱ्यानेही हातमोजे घाला. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, यातली बरीच विषं रॉकेलसारख्या द्रवात घोळलेली असतात, ओकताना फुप्फुसात गेली तर नवं संकट. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा, किंवा जी गाडी मिळेल त्या गाडीने निघा. बाटली घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र चोवीस तास चालतं, १८०० ११६ ११७, पैसे पडत नाहीत; आपल्या डॉक्टरांनाही तिथे विचारता येतं. आणि दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून सही करून घरी आणू नका. या विषात एक ते चार दिवसांच्या आत मान लुळी पडून श्वासाचे स्नायू थकण्याचा प्रकार होतो. सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाच. मान उशीवरून उचलता येते का, हे रोज विचारा.

कागदाचंही सांगते. शेतकऱ्याच्या अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्याची योजना आहे, तिच्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. तुमच्या नावाचा सातबारा आहे म्हणून तुम्हाला तिचं दार उघडं आहे. ज्याच्याकडे सातबारा नाही असा निव्वळ रोजाने फवारणारा गडी त्यातून सुटतो, आणि सगळ्यात जास्त पंप तोच मारतो. मला याचा राग येतो, पण त्याचं उत्तर या सदरात नाही. तुम्ही मात्र दवाखान्याच्या कागदावर फवारणीमुळे विषबाधा असे शब्द लिहून घ्या, नुसतं उलटी-चक्कर नको.

तुम्ही विचारलं होतं, आणखी कोणती वनस्पती? कडुनिंबच, पण पोटात नाही, पंपात. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून कपड्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी पिळून, गाळून, दोनशे ग्रॅम साबण घालून शंभर लिटर करायचं. पाच टक्के निंबोळी अर्क. तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांच्या सुरुवातीला तो पुरतो, अळी लहान असेल तर तिलाही आवरतो. बोंडअळी मोठी होऊन बोंडात घुसल्यावर त्याचं काही चालत नाही, तेव्हा त्याला दोष देऊ नका. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, तीही चालते, पण तिच्यात धोतरा, रुई, कण्हेर पडते, म्हणून ती करतानाही हातमोजे घाला आणि ती भाजीच्या पातेल्यात उकळू नका. शेतात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावा. सलग तीन रात्री एकेका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, यातले किती तरी पंप निव्वळ धास्तीने मारले जातात. जेवढे पंप कमी, तेवढी मालकांच्या खात्यावरची बाकी कमी.

निंबोळ्या पुढच्या जूनमध्ये पडतील. सासूबाईंना पाला ओळखता येतो, झाडं माहीत आहेत, वाटायचा हात आहे. गोळा करून सावलीत वाळवायचं काम त्यांच्याकडे सोपवा. आणि उद्या रक्ताची तपासणी झाली की कागदावर काय आकडा आला, तो मला लिहून कळवा.

– डॉक्टरताई